पॅच दिसत होता, लागत नव्हता: ईमेलने पाठवलेल्या एका दुरुस्तीचे प्रकरण

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, एका ड्रायव्हरमधली (हार्डवेअर चालवणाऱ्या भागातली) सहा ओळींची दुरुस्ती मूळ प्रकल्पात पोहोचवायला आमच्या गटाला दीड महिना लागला. दोष शोधून दुरुस्त करणे हे एका दुपारचे काम होते. उरलेला बहुतेक काळ ती दुरुस्ती ईमेलने, जशीच्या तशी, समोरच्याच्या संगणकापर्यंत नेण्यात गेला. ही नोंद त्या उरलेल्या काळाची आहे. हे काम जिने केले ती अभियंती आमच्या पुण्याच्या कार्यालयात तेव्हा नुकतीच रुजू झाली होती आणि कर्नलला पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा मजकूर, पाठवण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. चुका मात्र तिच्या एकटीच्या नव्हत्या. पहिला पॅच पाठवण्यापूर्वी तिने तो मला दाखवला होता आणि मी पडद्यावर दोन मिनिटे नजर फिरवून "ठीक आहे, पाठव" असे सांगून मोकळा झालो होतो.

दोष साधा होता. ड्रायव्हर सुरू होताना हार्डवेअरला ताल देणारे क्लॉक चालू करत होता आणि त्यानंतर इंटरप्टची, म्हणजे हार्डवेअरकडून येणाऱ्या इशाऱ्याची, नोंदणी करत होता. ही नोंदणी फसली तर फंक्शन चूक दर्शवणारा क्रमांक परत करून बाहेर पडत असे, पण आधी चालू केलेले क्लॉक तसेच चालू राहत असे. गिझर बंद न करता घराला कुलूप लावून निघावे, तसे. उपाय म्हणून तिने थेट बाहेर पडण्याची ओळ काढून फंक्शनच्या शेवटी एक लेबल घातले आणि क्लॉक बंद करूनच बाहेर पडण्याची व्यवस्था केली. जुनी एक ओळ गेली, नव्या पाच आल्या.

हे सगळे ईमेलनेच का पाठवायचे, असे तिने पहिल्याच दिवशी विचारले होते आणि तो प्रश्न रास्त होता. आज बहुतेक खुल्या प्रकल्पांत गिटहब किंवा गिटलॅबवर आपली ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा) चढवून पुल रिक्वेस्ट, म्हणजे ती सामावून घेण्याची विनंती, टाकली की काम भागते. कर्नलचे तसे नाही. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये 'पॅच' हा प्रोग्राम प्रसिद्ध केला, तेव्हापासून दोन फाइलींमधला फरक मजकूर म्हणून पाठवायचा आणि समोरच्याने तो आपल्या प्रतीवर लावायचा ही रीत रुळलेली आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट त्यानंतर वीस वर्षांनी आले. बिटकीपर या तशाच पण खासगी प्रणालीचा मोफत वापर बंद झाल्यावर लिनस टॉरवॉल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिले तेव्हा कर्नलचे काम मेलवरच चालत होते, आणि म्हणून गिटमध्ये मेलसाठीच्या कमांड अगदी सुरुवातीच्या काळापासून आहेत. 'गिट फॉरमॅट-पॅच' ही कमांड कमिटपासून, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या एका बदलापासून, मेल तयार करते, 'गिट सेंड-ईमेल' तो पाठवते आणि 'गिट एएम' आलेल्या मेलपासून पुन्हा कमिट तयार करते. यातले एएम म्हणजे 'अप्लाय मेलबॉक्स'. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते, तिच्यात दहा हजारांहून अधिक कमिट असतात आणि त्यांतले बहुतेक कधी ना कधी कोणाच्या तरी मेलपेटीतून गेलेले असतात. यू-बूट, क्यूएमू, बिल्डरूट आणि खुद्द गिट हे प्रकल्पही याच वाटेने चालत आले आहेत.

अशा मेलला दोन वाचक असतात: एक माणूस आणि दुसरा 'गिट एएम'. माणसाला एखादी स्पेस कमी-जास्त झालेली दिसत नाही आणि दिसली तरी त्याचे काही अडत नाही. 'गिट एएम'चे मात्र प्रत्येक बाइटशी काम असते. मी ते दोन मिनिटांचे परीक्षण पहिल्या वाचकाच्या डोळ्यांनी केले होते.

पहिले दोन मेल

तिने 'गिट फॉरमॅट-पॅच' चालवून फाइल तयार केली, इथपर्यंत सगळे बरोबर होते. त्यानंतर ती फाइल एडिटरमध्ये उघडून तिने सगळा मजकूर निवडला आणि कार्यालयाच्या वेबमेलच्या चौकटीत पेस्ट केला. विषयाची ओळ हाताने लिहिली, मेंटेनरचा (कर्नलच्या त्या भागाची जबाबदारी सांभाळणाऱ्याचा) आणि मेलिंग लिस्टचा, म्हणजे चर्चेच्या यादीचा, पत्ता घातला आणि मंगळवारी मेल पाठवला. शुक्रवारपर्यंत काहीच हालचाल नव्हती.

"सर, मेल गेलाय, सेंटमध्ये दिसतोय," असे ती म्हणाली, आणि तो तिथे दिसतही होता. पण आपल्या बाजूने मेल गेला याचा अर्थ तो यादीवर पोहोचला असा होत नाही. कर्नलच्या याद्यांचे संग्रहण 'लोअर' या कर्नलच्याच संकेतस्थळावर असते. तिथे शोधले तेव्हा आमचा मेल नव्हता. वेबमेल मूळ स्थितीत एचटीएमएल स्वरूपात मेल पाठवत होते, आणि व्हीजर या सर्व्हरवरच्या कर्नलच्या याद्या केवळ साधा मजकूर स्वीकारतात. पहिला मेल दारातूनच परत फिरला होता.

तिने वेबमेलचे साध्या मजकुराचे बटण शोधून काढले आणि शुक्रवारी संध्याकाळी तोच मजकूर पुन्हा पाठवला. या वेळी तो यादीवर आला. सोमवारी मेंटेनरचे दोन ओळींचे उत्तर आले. पॅच लागत नाही, तुमच्या मेल प्रोग्रामने स्पेस आणि टॅब बिघडवले आहेत, कर्नलच्या दस्तऐवजांतले मेल प्रोग्रामविषयीचे प्रकरण वाचा आणि पुन्हा पाठवा, एवढेच त्याचे सार होते. शिवाय मेलच्या तळाशी असलेली गोपनीयतेची सूचना काढून टाकावी, असेही त्यात होते.

ही सूचना तिने लिहिली नव्हती आणि तिला ती दिसलीही नव्हती. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली 'हा संदेश फक्त संबंधित व्यक्तीसाठी आहे, अन्य कोणी तो वापरू अथवा पुढे पाठवू नये' अशा अर्थाचा परिच्छेद कार्यालयाचा सर्व्हर आपणहून जोडत होता. तांत्रिकदृष्ट्या तो निरुपद्रवी आहे, कारण प्रत्येक तुकड्यात किती ओळी आहेत हे पॅचमध्ये आधीच सांगितलेले असते आणि त्या मोजून झाल्या की पुढचा मजकूर गिट सोडून देते. कायद्याच्या अंगाने मात्र तो विचित्र आहे. कर्नलमध्ये प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लागते आणि हा बदल खुल्या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे, अशी ग्वाही ती ओळ देते. २००४ पासून ही प्रथा आहे. वर ही ग्वाही आणि खाली 'हे कोणी वापरू नये' अशी तंबी, असे एकाच पत्रात असेल तर मेंटेनरने नेमके कशाला प्रमाण मानायचे?

नेमके काय बिघडले

मेंटेनरने सांगितले म्हणून निमूटपणे दुसरे साधन वापरण्याऐवजी आधी बिघाड स्वतः पाहावा, असे मी सुचवले. आम्ही लोअरवरून आमचाच मेल मूळ कच्च्या स्वरूपात उतरवून घेतला, नवी ब्रँच काढली आणि तिच्यावर 'गिट एएम' चालवले. उत्तर आले, 'करप्ट पॅच ॲट लाइन ३१'.

एकतिसावी ओळ पाहिली. पॅचच्या प्रत्येक तुकड्यात बदललेल्या ओळींच्या वर-खाली तीन-तीन ओळी संदर्भासाठी दिलेल्या असतात. काढलेल्या ओळीच्या आरंभी उणे चिन्ह असते, घातलेल्या ओळीच्या आरंभी अधिक चिन्ह आणि संदर्भाच्या ओळीच्या आरंभी एक स्पेस. म्हणजे तुकड्यातल्या ओळीचे पहिले अक्षर हा खरे तर मजकूर नव्हेच, तो खुणेचा स्तंभ आहे. आमच्या संदर्भाच्या ओळींपैकी एका ओळीत इंटरप्टची नोंदणी करणारे सहा अर्गुमेंटांचे लांबलचक कॉल होते आणि वेबमेलने ७८ अक्षरांच्या आसपास ती ओळ मोडून तिचे शेपूट खाली ढकलले होते. त्या शेपटाच्या आरंभी स्पेस नाही, अधिक नाही, उणेही नाही. गिटच्या दृष्टीने असल्या ओळीला तुकड्यात जागाच नाही, म्हणून त्याने तिथेच हात टेकले. पडद्यावर पाहणाऱ्याला मात्र लांब ओळ गुंडाळली जाणे इतके सवयीचे झालेले असते की त्यात काही वावगे वाटत नाही; मलाही वाटले नव्हते.

आम्ही ती ओळ हाताने जोडली आणि पुन्हा 'गिट एएम' चालवले. आता तक्रार बदलली: 'पॅच डज नॉट अप्लाय'. पॅचची रचना आता मान्य झाली होती, पण त्यातल्या संदर्भाच्या ओळी मूळ फाइलमध्ये सापडत नव्हत्या. दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडून तिने अक्षर न् अक्षर ताडून पाहिले आणि सांगितले, "काहीच फरक नाही." मग आम्ही त्याच ओळी 'कॅट' या कमांडला अदृश्य अक्षरे दाखवण्याचा पर्याय देऊन छापून पाहिल्या. मूळ फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या आरंभी टोपीचे चिन्ह आणि त्यापुढे इंग्रजी आय, म्हणजे टॅबची खूण, आली. मेलमधून उतरवलेल्या पॅचमध्ये त्या जागी नुसती रिकामी जागा होती. वेबमेलने पेस्ट करतानाच प्रत्येक टॅबच्या जागी आठ स्पेस घातल्या होत्या. कर्नलच्या लेखनशैलीत टॅब आठ अक्षरांचाच मानतात, त्यामुळे पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसत होते.

जीमेलचे वेब रूपही टॅबच्या स्पेस करते आणि ७८ अक्षरांवर ओळ मोडते, अशी स्पष्ट नोंद कर्नलच्या दस्तऐवजात आहे. म्हणजे हा आमच्याच वेबमेलचा अवगुण नव्हता. माणसांना पत्रे लिहिण्यासाठी केलेले साधन माणसांच्या सोयीने मजकूर नीटनेटका करते, आणि नेमका तो नीटनेटकेपणा इथे नडतो.

इथे तिने एक पळवाट शोधून काढली. 'गिट एएम'ला रिकाम्या जागांमधला फरक दुर्लक्षित करण्याचा पर्याय देता येतो. तो दिला आणि पॅच लागला. "मग मेंटेनरला एवढंच सांगू या का?" असे तिने विचारले. लागलेला बदल आम्ही पुन्हा 'कॅट'मधून पाहिला. हा पर्याय संदर्भाच्या ओळी जुळवताना डोळेझाक करतो, पण नव्याने घातलेल्या ओळी जशा आल्या तशाच फाइलमध्ये उतरवतो. त्यामुळे चहूकडे टॅब आणि मध्येच आमच्या ओळी आठ-आठ स्पेसच्या, असे मिश्रण फाइलमध्ये तयार झाले होते. आणि मुळात आपला मेल प्रोग्राम चुकला म्हणून रोज शेकडो मेल चाळणाऱ्या माणसाने वेगळा पर्याय टंकावा, अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे.

पॅचची फाइल मेलला जोडून पाठवणे हा दुसरा मार्ग होता. जोडलेली फाइल बिघडत नाही, आणि पोस्टग्रेस-क्यूएलचे विकसक पॅच जोडूनच पाठवतात. पण कर्नलमध्ये पॅच मेलच्या अंगातच हवा असतो, कारण परीक्षण करणारा माणूस उत्तर देताना तुमचा पॅच उद्धृत करून ज्या ओळीबद्दल बोलायचे त्याच ओळीखाली आपले म्हणणे लिहितो. जोडलेल्या फाइलच्या बाबतीत बहुतेक मेल प्रोग्रामांत हे जमत नाही.

टर्मिनलवरून पाठवण्याची तयारी

'गिट सेंड-ईमेल' चालवले तर अशी कमांडच नाही, असे उत्तर आले. उबुंटू, डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या वितरणांत ती गिटच्या मुख्य पॅकेजात नसते. 'गिट-ईमेल' नावाचे पॅकेज वेगळे घालावे लागते. ते घातल्यावर कार्यालयाच्या मेल सर्व्हरचा पत्ता दिला, तर तिथे बाहेरच्या प्रोग्रामांना पासवर्डने मेल पाठवण्याची मुभाच नव्हती. मेल व्यवस्था पाहणाऱ्या विभागाला विनंती केली. त्यांनी ती नोंदवून घेतली. एवढेच झाले.

मग तिने स्वतःचे जीमेल खाते वापरायचे ठरवले. गिटच्या सेटिंगमध्ये जीमेलच्या मेल पाठवणाऱ्या (एसएमटीपी) सर्व्हरचे नाव, ५८७ हा पोर्ट, टीएलएस हे एन्क्रिप्शन आणि खात्याचे नाव अशा चार गोष्टी भरल्या. कमांड चालवली, नेहमीचा पासवर्ड दिला आणि ५३५ हा क्रमांक घेऊन नकार आला: नाव किंवा पासवर्ड मान्य नाही. पासवर्ड बरोबर होता. पण मे २०२२ च्या अखेरीपासून गूगलने अशा प्रोग्रामांना खात्याचा नेहमीचा पासवर्ड वापरू देणे थांबवले आहे. खात्यावर द्विस्तरीय पडताळणी चालू करायची आणि मग सोळा अक्षरांचा स्वतंत्र 'ॲप पासवर्ड' तयार करून तो द्यायचा, असा मार्ग आहे. अनेक जुन्या मार्गदर्शिकांत हा टप्पा नसतो आणि नवखा माणूस तासभर पासवर्डच बदलत बसतो. तो सोळा अक्षरी पासवर्ड गिटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये उघडा लिहून ठेवू नये, हे मात्र तिला आवर्जून सांगावे लागले. गिटची क्रेडेन्शियल ठेवण्याची व्यवस्था त्यासाठीच आहे.

आता नवाच प्रश्न उभा राहिला. काम कार्यालयाचे, कमिटवर आणि 'साइन्ड-ऑफ-बाय'च्या ओळीत पत्ता कार्यालयाचा, आणि मेल जाणार तिच्या खासगी खात्यातून. पाठवणाऱ्याच्या जागी कार्यालयाचा पत्ता बळेच घातला असता तर मेलच्या खरेपणाची तपासणी करणाऱ्या सर्व्हरांनी तो बनावट ठरवला असता. याची सोय गिटमध्ये आधीच आहे, आणि तिचे मला आजही कौतुक वाटते. कमिटचा लेखक आणि मेल पाठवणारा वेगळे असतील तर 'गिट सेंड-ईमेल' मजकुराच्या अगदी पहिल्या ओळीत 'फ्रॉम' असे लिहून लेखकाचे नाव-पत्ता घालते. पलीकडे 'गिट एएम' मेलच्या माथ्यावरचे नाव बाजूला ठेवून या आतल्या ओळीला लेखक मानते. दुसऱ्याचा पॅच त्याच्या नावासह पुढे पाठवणाऱ्या मेंटेनरांसाठी केलेली ही युक्ती आमच्या कामी आली. मेल पाठवण्याचीच सोय नसलेल्यांसाठी 'बी-फोर' हे साधन आणि त्याचा कर्नलच्या संकेतस्थळावरचा दुवा हाही एक मार्ग आहे, पण आम्हाला त्याची गरज पडली नाही.

जाता जाता एक गोष्ट. तिच्या संगणकावर गिटमध्ये तिचे नाव देवनागरीत नोंदवलेले होते. त्यामुळे काही मोडेल का, अशी तिला धास्ती होती. मोडत नाही. नावात रोमनबाहेरची अक्षरे असली की 'गिट फॉरमॅट-पॅच' मेलच्या माथ्यावर यूटीएफ-८ ची नोंद आपण होऊन करते आणि पलीकडे नाव जसेच्या तसे उमटते. शेवटी तिने रोमन लिपीतच नाव ठेवले, ते परीक्षण करणाऱ्यांना तिला नावाने हाक मारता यावी म्हणून.

यानंतर ज्या पायरीने आमचे खरे काम केले ती आली. यादीचा पत्ता न देता तिने पॅच फक्त स्वतःला पाठवला. आलेला मेल वाचून पाहायचा नाही, असे आम्ही ठरवले होते. जीमेलमधून त्याचे मूळ रूप फाइल म्हणून उतरवून घेतले, मूळ प्रकल्पाच्या ताज्या प्रतीवरून नवी ब्रँच काढली, तिच्यावर 'गिट एएम' चालवले आणि मग या ब्रँचची तिच्या कामाच्या ब्रँचशी 'गिट डिफ'ने तुलना केली. डिफने काहीही छापले नाही. लेखकाचे नावही कार्यालयाच्या पत्त्यासह बरोबर आले होते. कच्ची फाइल उघडली तेव्हा ७८ अक्षरांपलीकडे जाणारी ती ओळ अखंड होती. फॉरमॅट-पॅचने तयार केलेल्या मूळ फाइलीच्या पहिल्या ओळीवरही तिची नजर गेली: तिथे सोमवार, १७ सप्टेंबर २००१ ही तारीख होती. ही चूक नव्हे. फॉरमॅट-पॅचची प्रत्येक फाइल याच ठरीव तारखेने सुरू होते, म्हणजे ही खरी मेलपेटी नसून फॉरमॅट-पॅचने केलेली फाइल आहे, हे इतर साधनांना ओळखता येते.

दुसरी आणि तिसरी आवृत्ती

दुसऱ्या आवृत्तीसाठी पत्ते हाताने शोधले नाहीत. कर्नलच्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमधली 'गेट-मेंटेनर' ही स्क्रिप्ट पॅच वाचून, 'मेंटेनर्स' या फाइलीच्या आधारे, तो कोणाकोणाला पाठवावा हे सांगते. पहिल्या वेळी आमच्याकडून सुटलेली एक यादी आणि एक परीक्षक त्या स्क्रिप्टने दाखवून दिले. तिथलीच 'चेकपॅच' ही स्क्रिप्ट लेखनशैली तपासते, ती चालवून घेतली. विषयाच्या ओळीत 'पॅच व्ही-२' अशी खूण यावी म्हणून कमांडलाच आवृत्तीचा आकडा दिला. पहिल्या आवृत्तीपेक्षा यात काय बदलले, हे तिने आधी कमिटच्या संदेशातच लिहिले होते. ते मी संदेशानंतर येणाऱ्या तीन आडव्या रेघांच्या ओळीखाली हलवायला सांगितले. त्या ओळीच्या वरचा मजकूर कर्नलच्या इतिहासात कायमचा राहतो आणि खालचा, प्रत्यक्ष फरक सुरू होईपर्यंतचा, 'गिट एएम' टाकून देते. 'पहिल्या खेपेला मेल बिघडला होता' ही गोष्ट परीक्षकाला आज कळायला हवी, पण पाच वर्षांनी तो कोड वाचणाऱ्याला तिचा उपयोग नाही. पहिल्या आवृत्तीचा लोअरवरचा दुवाही तिथेच दिला.

पाठवण्यापूर्वी कमांडने मेलचा माथा दाखवून विचारले की पाठवू का. तिने एकदा पत्ते वाचले आणि होकाराचे अक्षर दाबले. तो मंगळवार होता. दोनच दिवस आधी, रविवारी, कर्नलची नवी आवृत्ती निघाली होती, म्हणजे मर्ज विंडोचे, पुढच्या आवृत्तीसाठी तयार बदल सामावून घेण्याचे, दोन आठवडे नुकतेच सुरू झाले होते आणि त्या काळात बहुतेक मेंटेनर नव्या पॅचकडे वळत नाहीत. हे माझ्या लक्षात यायला हवे होते. चौथ्या दिवसापासून ती रोज सकाळी लोअर उघडून पाहू लागली. निदान आठवडाभर तरी आठवण करू नये, असे कर्नलचे दस्तऐवज सांगतात; आम्ही तीन आठवडे थांबलो आणि मग तिने त्याच मेलला उत्तर म्हणून एका ओळीचे विनम्र स्मरण पाठवले.

दुसऱ्या दिवशी परीक्षण आले. पॅच लागला होता. त्याविषयी कोणी काही बोललेही नाही. परीक्षकाने मेलमधला बहुतेक भाग छाटून फक्त दोन जागा ठेवल्या होत्या. क्लॉक चालू करणाऱ्या ओळीखाली त्याने विचारले होते की क्लॉक मिळवणे, चालू करणे आणि ड्रायव्हर निघताना बंद करणे हे तिन्ही आपोआप करणारे 'डेव्हएम'चे फंक्शन उपलब्ध असताना हाताने बंद करायचे कशाला. कमिटच्या संदेशाखाली त्याने 'फिक्सेस' ही ओळ मागितली होती: ज्या कमिटने हा दोष आणला त्याच्या ओळखीची पहिली बारा अक्षरे आणि त्याचा मथळा. यातली गंमत अशी की कमिटचा संदेश ७५ अक्षरांवर मोडावा असा नियम असला तरी 'फिक्सेस'ची ओळ कितीही लांब झाली तरी मोडायची नसते, कारण ती ओळ स्क्रिप्टकडून वाचली जाते. तिने पहिल्या मसुद्यात ती शिस्तीने मोडली होती.

तिने उत्तरही प्रत्येक मुद्द्याखाली लिहिले, वरती नाही. त्यासाठी साध्या मजकुराचा मेल प्रोग्राम वापरला. तिसऱ्या आवृत्तीत लेबल गेले, क्लॉक बंद करण्याची ओळ गेली आणि ड्रायव्हर काढतानाची तशीच जुनी ओळही गेली. जितक्या ओळी आल्या त्याहून जास्त कमी झाल्या. ज्या सहा ओळी नीट पोहोचवण्यासाठी आम्ही एवढी यातायात केली होती, त्यांतली एकही शेवटी कर्नलमध्ये गेली नाही. तिसरी आवृत्ती आधी स्वतःला पाठवून, उतरवून, लावून पाहिली आणि मगच यादीवर गेली. सहा दिवसांनी मेंटेनरचा पॅच स्वीकारल्याचा मेल आला. त्याच्या ब्रँचवर लेखकाच्या जागी तिचे नाव आणि कार्यालयाचा पत्ता होता.

मेल पाठवण्याच्या विनंतीवर संबंधित विभागाचे उत्तर त्यानंतर काही आठवड्यांनी आले: विनंती विचाराधीन आहे. तोवर तिने दुसरीच सोय करून ठेवली होती. गिटमध्ये 'सेंडईमेल-व्हॅलिडेट' नावाचा हुक असतो. पाठवायची प्रत्येक फाइल आधी त्याच्या हाती दिली जाते आणि त्याने नकार दिला तर एकही मेल बाहेर पडत नाही. तिने त्यात 'चेकपॅच' आणि ताज्या प्रतीवर पॅच लागतो की नाही ही चाचणी घातली आणि तो गटातल्या सगळ्यांच्या संगणकांवर बसवला. त्याने अडवलेला पहिला पॅच माझा होता. एका ओळीच्या शेवटी एक स्पेस राहून गेली होती, आणि पाठवण्यापूर्वी मी तो पडद्यावर नीट पाहिला होता.